लेबल नसलेली भाजी

उल्हासनगरच्या बाजारात पापडाची दुकाने जागोजागी दिसतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची येथील लष्करी छावणीत सोय करण्यात आली. १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार सोडून आलेल्या कित्येक कुटुंबांना पापडाने आधार दिला. बायका घरी पापड लाटत आणि घरातील माणसे ते बाहेर नेऊन विकत. त्या पापडांवर काही छापलेले नसे. विकणाऱ्याच्या शब्दावर लोक ते घेत.

आता पापडाचे पाकीट हातात घेतले, तर त्यावर घटक, वजन, तारीख आणि चौदा अंकी परवाना क्रमांक दिसतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ही माहिती देणे बंधनकारक आहे. शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका असतो. त्याचा नियम २००१ मध्ये आला. हा ठिपका जैन कुटुंब तर पाहतेच, पण अनेक मुसलमान कुटुंबेही गोळ्या-चॉकलेट घेताना पाहतात. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते आणि ते कोणत्या जनावराचे आहे, हे पाकिटावरून कळत नाही. ठिपका एकच, पण त्याकडे पाहण्याची कारणे दोन!

पालकाच्या जुडीवर मात्र कसलेच लेबल नसते. ती कोठे पिकली, तिला कोणते पाणी घातले, हे आपण विचारतही नाही. लोकलने जाताना रुळांच्या कडेला पालक, माठ, मुळा यांचे हिरवेगार वाफे अनेक वर्षे दिसत. रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’ या योजनेखाली आपली मोकळी जमीन कर्मचाऱ्यांना लागवडीसाठी दिली होती. हेतू चांगला होता. पण काही ठिकाणी या वाफ्यांना शेजारच्या नाल्याचे पाणी घातले जाई आणि तीच भाजी बाजारात येई.

नाल्याच्या पाण्यात काय काय असते, हे समजण्यासाठी वालधुनी नदी पाहावी. ती अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते आणि पुढे उल्हासनगरमधून जाते. वाटेत तिच्यात सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळत गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात या नदीच्या परिसरात कोणीतरी घातक रसायन ओतले. त्याच्या वायूने अनेकांना श्वास घेता येईना आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. वायू नाकाला लगेच जाणवला. शिसे किंवा कॅडमियम असलेले पाणी पिकाला घातले, तर मात्र कोणालाच काही जाणवत नाही. हे धातू मुळांतून पानांत जातात. पाने धुतल्याने माती जाते, काही जंतूही जातात; पण पानाच्या आत गेलेला धातू जात नाही.

मग दोष कोणाचा? भाजी पिकवणाऱ्याचा, असे आपण चटकन म्हणतो. परंतु त्याच्याजवळ स्वतःची जमीन नसते, विहीर नसते. जे पाणी मिळेल तेच तो वापरतो. आपली भाजी कोण खाणार, हे त्याला ठाऊक नसते. ज्याने नदीत रसायन सोडले, त्याला तर ही भाजी दिसतही नाही. माझ्या मते पहिला जाब त्यालाच विचारला पाहिजे. आणि ज्यांच्या घरचे सांडपाणी नदीला मिळते, ते आपण सगळे? स्वस्त जुडीसाठी घासाघीस करताना आपण पाण्याची चौकशी कधी करतो?

बदलापूरच्या जांभळांची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०२३ च्या अखेरीस त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडचे जांभूळ ‘बदलापूरचे’ म्हणून विकणे आता कायद्याने चूक आहे. मात्र बांधकामांसाठी झाडे तोडली गेली, तर नाव राहील आणि फळ जाईल. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी बायका पाने अंथरलेल्या टोपल्यांतून जांभळे आणतात. त्या टोपलीवरही लेबल नसते. पण ‘मावशी, कुठल्या झाडाची?’ असे विचारता येते, कारण जिने फळे आणली तीच समोर बसलेली असते.

स्वाध्याय
१. पालक धुतल्यावरही कोणती गोष्ट जात नाही? का?
२. लेखकाच्या मते पहिला जाब कोणाला विचारावा? तुम्हांला ते पटते का?
३. तुमच्या घरी येणारी पालेभाजी कोठून येते, हे विक्रेत्याला विचारा व पाच ओळी लिहा.