गवतपेटीचें यंत्र : तें निर्धोकपणें कसें चालवावें

मानपाडा हें नांव आपल्या भागांत दोन ठिकाणीं ऐकूं येतें. एक मानपाडा ठाण्यास, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं आहे. दुसरा डोंबिवलीच्या पूर्वेस. या बाजूच्या जुन्या शेतकऱ्यांस भात आणि गवत हीं दोन्ही पिकें सारख्याच जिव्हाळ्याचीं होतीं. सखल खाचरांत भात, आणि वरकस जमिनींत नाचणी, वरी व गवत, अशी वहिवाट असे. राबासाठीं, गुरांच्या वैरणीसाठीं व घर शाकारण्यासाठीं लागेल तितकें गवत घरीं ठेवून बाकीचें विकावयाचें. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यापर्यंत आणि १८५४ सालीं कल्याणपर्यंत आल्यावर इकडील वाळलेल्या गवतास मुंबईच्या तबेल्यांची मोठी पेठ मिळाली. गवत कापण्याची कला म्हणून येथील हातांस नवी नाहीं. नवें आहे तें कापण्याचें साधन.

आज त्याच जमिनींवर उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या आवारांत मोठमोठीं हिरवळीचीं मैदानें राखलीं जातात. ज्यांच्याकडे अद्याप जमीन आहे त्यांपैकीं कांहींनीं आंब्याच्या व चिकूच्या बागा लावून झाडांखालचें गवत वेळोवेळीं कापण्याची पद्धत धरिली आहे. कांहींनीं अशीं मैदानें राखण्याचें काम मक्त्यानें घेतलें आहे. या कामासाठीं बसून चालवावयाचें चार चाकी कापणीयंत्र वापरलें जातें. कापलेलें गवत आपोआप जमा व्हावें म्हणून त्यास मागें एक पेटी जोडतात. या गवतपेटीविषयींच चार शब्द येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण पेटी निरुपद्रवी दिसते, आणि तिच्याच पायीं माणसें बोटें गमावतात.

यंत्राची रचना

हिरवळ कापण्याचें पहिलें यंत्र इंग्लंडांत स्ट्राउड गांवच्या एडविन बडिंग यानें १८३० सालीं तयार केलें. गिरणींत कापडावरील लव कातरणारें यंत्र पाहून त्यास ही युक्ति सुचली. त्या पहिल्या यंत्रासही कापलेलें गवत झेलण्यासाठीं पुढें एक तबकासारखी पेटी होती. म्हणजे पेटीची कल्पना यंत्राइतकीच जुनी आहे. परंतु बडिंगचें यंत्र माणूस ढकलीत असे. माणूस थांबला कीं पातेंही थांबे. आजच्या यंत्रांत पातें इंजिनाच्या जोरावर आडवें फिरतें, आणि माणूस थांबल्यानें तें थांबत नाहीं.

यंत्राच्या पोटाखालीं लोखंडी झाकण असतें व त्याच्या आंत एक, दोन किंवा तीन पातीं असतात. पात्याचीं टोकें मागच्या बाजूस किंचित् वर वळविलेलीं असल्यामुळें पातें फिरतांना पंख्याप्रमाणें वारा उत्पन्न होतो. हा वारा गवतास उभें करितो, आणि कापलेलें गवत एका रुंद नळांतून उडवून मागच्या पेटींत टाकितो. पेटीच्या जाळींतून वारा निघून जातो व गवत आंत राहतें. नळ मोकळा, पेटींत जागा व वाऱ्यास वाट, या तीन गोष्टी असल्या म्हणजे काम सुरळीत चालतें. यांतील एक बिघडली कीं गवत नळांत दाटतें. सगळा धोका येथूनच सुरू होतो.

विळा आणि पातें

विळ्यानें गवत कापणारास आपलें हत्यार डोळ्यांपुढें दिसतें. हात थांबला कीं विळा थांबतो. यंत्राचें पातें झाकणाखालीं असल्यानें दिसत नाहीं, आणि इंजिनाच्या आवाजांत त्याचा आवाजही वेगळा ओळखूं येत नाहीं. असें पातें मिनिटास सुमारें ३,००० फेरे घेतें, म्हणजे सेकंदास ५०. पातें २१ इंच लांब असेल तर त्याचें टोक सेकंदाला सुमारें ८४ मीटर, म्हणजे तासाला ३०० किलोमीटर या वेगानें जातें. पात्याची कळ बंद केली तरी चांगल्या यंत्राचेंही पातें तत्क्षणीं थांबत नाहीं. कांहीं सेकंद तें फिरत राहतें, आणि पट्टा किंवा ब्रेक झिजला असेल तर त्याहूनही अधिक. तेवढ्या अवधींत माणूस सहज आसनावरून उतरून नळापाशीं येऊं शकतो.

अपघात बहुधा असा घडतो. सकाळचें दंव वाळण्यापूर्वीं, किंवा पावसाची सर येऊन गेल्यावर, कामाची घाई म्हणून यंत्र लावितात. ओलें गवत नळांत चिकटतें. मागें कापलेल्या गवताच्या ओळी पडूं लागतात. म्हणजे पेटींत गवत जात नाहीं हें चालविणाराच्या ध्यानांत येतें. इंजिन पुन्हां सुरू करण्याचा त्रास नको म्हणून तो तें चालूच ठेवितो, पेटी काढतो, आणि नळांत हात घालून गवताचा बोळा ओढतो. बोळा निघतो, आणि त्याच्या पलीकडे फिरत असलेलें पातें बोटांस भेटतें. हें सर्व होण्यास एक निमिष पुरें. भात लावणारा, दूध काढणारा हात मग जन्मभर अधू राहतो.

म्हणून या लेखांतील एकच गोष्ट स्मरणांत ठेवावयाची असेल तर ती ही : नळ तुंबला किंवा पेटी भरली, कीं पुढील क्रम कधींही मोडूं नये.

१. यंत्र सपाट जागीं आणून उभें करावें.
२. पात्याची कळ बंद करावी व हातब्रेक ओढावा.
३. इंजिन बंद करून किल्ली काढून खिशांत घालावी. किल्ली यंत्रांत ठेवूं नये. दुसरा कोणी ती फिरवूं शकतो.
४. पातें पूर्ण थांबेपर्यंत आसनावरच बसावें. मनांत सावकाश दहा अंक मोजावे.
५. नंतर उतरून पेटी काढावी. नळांतील गवत हातानें न काढतां काठीनें काढावें.
६. पात्याच्या झाकणाखालीं गवत अडकलें असेल तर स्पार्क प्लगची वायरही काढून ठेवावी. पातें हातानें फिरविल्यास इंजिन झटका घेऊं शकतें. या कामीं जाड हातमोजे घालावे.

या क्रमास दोन-तीन मिनिटें लागतात. दिवसांतून दहा वेळां थांबावें लागलें तरी अर्धा तास गेला. त्यापलीकडे नुकसान नाहीं.

तुंबणें कसें टाळावें

ठाणें भागांत पावसाळ्यांत गवत ओलें असणारच. तरी दंव उतरल्यावर, दोन प्रहरच्या सुमारास काम केल्यास पुष्कळ फरक पडतो. उंच वाढलेलें गवत एकदम मुळापर्यंत कापूं नये. उंचीचा एक तृतीयांश भाग एका वेळीं कापावा व दुसऱ्या फेरीस पातें खालीं घ्यावें. इंजिन पूर्ण वेगांत आणि यंत्राची चाल मात्र मंद ठेवावी, म्हणजे वाऱ्यास गवत वाहून नेण्यास सवड मिळते. पेटीची जाळी ओल्या चोथ्यानें लिंपली गेल्यास वारा बाहेर पडत नाहीं. ती रोज धुऊन उन्हांत वाळवावी. बोथट पातें गवत कापीत नाहीं, तें चिंध्या करितें, आणि तो चोथा नळास चिकटतो. म्हणून धार वेळेवर लावून घ्यावी.

भरलेल्या पेटीचें वजन आणि उतार

मोठ्या यंत्राच्या पेट्यांत मिळून दोनशें लिटर किंवा अधिक गवत मावतें. तें ओलें असल्यास वजन चाळीस ते साठ किलोपर्यंत सहज जातें. हें सारें ओझें मागच्या चाकांच्याही मागें लोंबत असतें. त्यामुळें पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणूची पकड सुटते. बैलगाडी उलार झाली म्हणजे काय होतें हें आपणांस सांगणें नको. यंत्र बनविणारानें पुढें लावण्यासाठीं वजनें दिलीं असतील तर पेटी जोडतांना तीं अवश्य लावावीं.

येऊरच्या पायथ्यासारख्या चढउताराच्या जमिनींत ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अशा यंत्रांच्या माहितीपुस्तकांत पंधरा अंशांहून अधिक उतारावर जाऊं नये असें बहुधा लिहिलेलें असतें. म्हणजे शंभर फूट अंतरास सुमारें सत्तावीस फूट चढ. पेटी भरलेली असतां याहूनही बऱ्याच कमी उतारावर राहावें. बसून चालविण्याचें यंत्र उतारावर आडवें नेऊं नये. सरळ वर व सरळ खालीं न्यावें. उतारावर एकाएकीं वळूं नये, पेटी तेथें रिकामी करूं नये, आणि बांधाच्या किंवा चराच्या कडेपासून चांगलें अंतर ठेवावें. जेथें संशय वाटेल तेथलें गवत विळ्यानें कापावें. विळा अद्याप आपल्या घरांतून गेलेला नाहीं.

दगड, झडप व फाटकी पिशवी

कापण्यापूर्वीं सर्व जागा पायीं फिरून दगड, खडी, तारेचे तुकडे, करवंट्या वेंचून घ्याव्या. तसें फिरल्यानें गवतांतील फुरसें किंवा घोणसही वेळीं नजरेस पडते. पात्यास लागलेला खडा गोळीप्रमाणें उडतो. पेटी जोडलेली असेल तर तो पेटींत जातो. परंतु पिशवीचें कापड जीर्ण झालें असेल तर तें भेदून चालविणाराच्या पाठीस लागतो. म्हणून फाटकी पिशवी शिवून वापरूं नये, नवी घ्यावी. पेटी काढून काम करावयाचें असेल तर नळाच्या तोंडावरची झडप जागच्या जागीं बसविल्यावांचून पातें फिरवूं नये.

आग

पावसाळा संपून ऑक्टोबरचें ऊन पडूं लागलें म्हणजे दुसरें भय उत्पन्न होतें. वाळलेला चुरा इंजिनाभोंवतीं व धूर सोडणाऱ्या नळीपाशीं सांचतो आणि तापलेल्या लोखंडावर पेट घेतो. दर वेळीं पेटी रिकामी करतांना हा चुरा ब्रशानें झाडावा. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरावें. काम संपल्यावर भरलेली पेटी यंत्रास तशीच ठेवून तें गोठ्यांत किंवा गंजीशेजारीं उभें करणें म्हणजे घरांत निखारा ठेवण्यासारखेंच आहे. ओल्या गवताचा ढीगही आंतून आपोआप तापतो. पेटींतील गवत मोकळ्या जागीं पातळ पसरावें, आणि सुकल्यावर झाडांच्या आळ्यांत घालावें किंवा खतांत मिसळावें. कुबट वास सुटलेलें, किंवा प्लास्टिकचे तुकडे व पेट्रोल लागलेलें गवत गुरांस घालूं नये.

चालविणारा आणि मालक

आसनाखालीं एक कळ असते. पातें चालू असतां माणूस उठला तर ती इंजिन बंद पाडते. ही कळ तारेनें बांधून टाकण्याची खोड कांहीं ठिकाणीं आहे. ती बांधणें म्हणजे विहिरीचा कठडा काढून टाकणें होय. चालविणारानें लोंबतें उपरणें किंवा गळ्यांत टॉवेल ठेवूं नये. बंद बूट घालावे आणि कान झाकावे. मुलांस मांडीवर घेऊन यंत्र कधींही चालवूं नये, व मागें येतांना वळून पाहावें. भरलेल्या पेटीच्या आड लहान मूल दिसत नाहीं.

शेवटीं जमीनमालकांस एक विनंति. यंत्र आपण विकत घेतों, परंतु आसनावर बहुधा मजूर बसतो. यंत्राबरोबर आलेलें पुस्तक पुष्कळदां इंग्रजींत असतें आणि तें कपाटांत राहतें. वर दिलेला सहा गोष्टींचा क्रम त्यास वाचून दाखवावा, त्याच्याकडून यंत्र बंद ठेवून करवून घ्यावा, आणि तो थांबला म्हणून ‘वेळ कां लावलास’ असें कधीं म्हणूं नये. मालकाच्या त्या एका शब्दाच्या भयानेंच हात नळांत जातो.