फिरते घर : हौस, हिशेब आणि निगा

आषाढात पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या ट्रकमधून राहुट्या उतरतात आणि घटकाभरात माळावर गाव उभे राहते. मुक्कामाचे घर सोबत नेण्याची कल्पना मराठी कुटुंबाला नवी नाही. तिचे आधुनिक रूप म्हणजे हायब्रिड ट्रॅव्हल ट्रेलर. मोटारीमागे ओढायच्या या घराच्या भिंती व छप्पर टणक असतात. मुक्कामी पोहोचल्यावर मात्र पुढच्या-मागच्या फळ्या बाहेर उघडून त्यांवर कॅनव्हासच्या आच्छादनाखाली बिछाने तयार होतात. लहान, हलक्या ट्रेलरमध्ये पाच-सहा जणांची निजण्याची सोय होते, हे त्याचे मुख्य आकर्षण होय.

खरेदीचा विचार कायद्यापासून सुरू करावा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 61 नुसार ट्रेलरचीही अन्य वाहनांप्रमाणे नोंदणी करावी लागते. शिवाय ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक ट्रेलरवर दर्शवावा लागतो. कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. म्हणून मोटारीला हुक बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट. ज्या ट्रेलरची नोंदणीच होऊ शकत नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

त्यानंतर वजन. मोटारीच्या मार्गदर्शिकेत ओढण्याची मर्यादा दिलेली नसेल, किंवा ट्रेलर ओढू नये असे लिहिले असेल, तर तो विषय तेथेच संपतो. मर्यादा दिलेली असल्यास सामानासह भरलेल्या ट्रेलरचे वजन काट्यावर करून घ्यावे. पाण्याची 100 लिटरची टाकी म्हणजे 100 किलो, हे अनेकदा विसरले जाते. एकूण वजनाच्या सुमारे 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा असा सर्वसाधारण संकेत आहे. 1,200 किलोच्या ट्रेलरसाठी 120 ते 180 किलो. मोटारीच्या हुकाची मर्यादा याहून कमी असेल तर तीच पाळावी लागते. बैलगाडी उलाळ झाली की काय होते हे जुन्या गाडीवानांना ठाऊक होते. ट्रेलरची मागची बाजू जड झाली की तो वेगात डावी-उजवीकडे हेलकावू लागतो आणि मोटारीलाही फरफटवतो. मागे बसलेली मुले लक्षात घेता, या एका बाबतीत अंदाजपंचे भरणे क्षम्य नाही.

आता बेंगळुरूच्या चामराजपेटेतील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. 1892 साली वसविलेल्या या पेठेतील आखीव रस्ते मोटारींच्या युगापूर्वीचे. मिटलेला ट्रेलर हुकाच्या दांड्यासह सुमारे 20 फूट, तर उघडलेला 25 फुटांच्या घरात जातो. तो उभा करण्यास जागा कदाचित मिळेलही. उघडण्यास कोठे मिळणार? हा प्रश्न गौण वाटतो, पण हायब्रिड ट्रेलरच्या निगेचे मर्म त्यातच आहे. रात्रभर पाच जणांच्या श्वासातील बाष्प कॅनव्हासच्या आतून साचते, पावसाचे पाणी बाहेरून. ओले कापड मिटून ठेवल्यास एक-दोन दिवसांतच बुरशी धरू लागते. तिचे डाग आणि कुबट वास सहसा जात नाहीत. म्हणून घरी परतताच ट्रेलर पूर्ण उघडून कापड खडखडीत वाळवावे लागते. बेंगळुरूत ऑगस्ट ते ऑक्टोबर पाऊस जोरात असतो. त्या दिवसांत उघडी पण छप्पर असलेली जागा भाड्याने घ्यावी लागेल आणि तो खर्च हिशेबात धरावाच लागेल.

उर्वरित निगा तुलनेने सोपी आहे. चाकांची बेअरिंगे वर्षातून एकदा उघडून नवे ग्रीस भरावे. ट्रेलर फार धावत नसल्याने टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर मात्र जुने होते. वयावर लक्ष ठेवावे. छपराच्या सांध्यांतील रबरी पट्ट्या पावसाळ्यापूर्वी तपासाव्यात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो; खालची वायुवीजनाची छिद्रे चिंध्या कोंबून बुजवू नयेत. थंडीत आत शेगडी पेटती ठेवून झोपणे तर जीवावर बेतू शकते.

शेवटी पैशाचा हिशेब. समजा, 10 लाख रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. 10 दराने सात वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे 16,600 रुपये, म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन लाख. वर्षातून 24 रात्री वापर झाला तर केवळ हप्त्यापोटी प्रत्येक रात्र सुमारे 8,300 रुपयांना पडते. 60 रात्री वापर झाल्यास 3,320 रुपयांना. विमा, जागेचे भाडे व दुरुस्ती वेगळी. नोकरदार पालकांच्या रजा आणि मुलांच्या परीक्षा पाहता 60 रात्री कोठून आणायच्या, हे प्रत्येक घराने दिनदर्शिका पुढे ठेवूनच ठरवावे. प्रवासाची आखणीही तेव्हाच तपासता येते : उदाहरणार्थ, बंदीपूरच्या जंगलातील महामार्ग 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतुकीस बंद असतो, तेव्हा शुक्रवारी कचेरी सुटल्यावर निघून उटीचा मुक्काम गाठता येत नाही.

केरळ व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. भाड्याच्या कॅरव्हॅनमधून दोन-तीन रात्री काढून पाहिल्यास घरच्या मंडळींना हा मुक्काम मानवतो की नाही ते कळते. विशेषतः आजी-आजोबांना तेथील पायऱ्या आणि रात्रीचे शौचालय सोयीचे वाटते का, हे विचारून घ्यावे.