खाली दुकान, वर घर: छत एक, पण दार, मीटर आणि हिशेब वेगळे



माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे घर बांधणारी माणसं रोज काउंटरवर भेटतात. बहुतेकांच्या मोबाईलमध्ये एक फोटो असतो. पुढून काच, बाजूला लाकडी पट्ट्यांसारखं पॅनेल, आत दोन मजली उंचीचा हॉल. "दादा, असं घर करायचंय, आणि खाली दुकान काढायचंय," असं सांगतात. मी विचारतो, "मालाचा टेम्पो कुठं लागणार?" त्यावर बऱ्याच वेळा उत्तर नसतं.

मॉडर्न डिझाइनला माझा विरोध नाही. पण छोट्या उद्योजकासाठी घराचं चांगलं डिझाइन म्हणजे ज्यात धंदा आणि संसार एकमेकांच्या पायात येत नाहीत. उद्या दुकान भाड्याने द्यायचं ठरलं तर वरच्या घराला धक्का लागू नये. घरात लग्न असलं, आजारपण असलं, तरी शटर उघडता यावं. आजचा धडा याच्यावरच आहे. वही-पेन घेऊन बसा.

१. आधी धंद्याचे पैसे बाजूला काढा

नकाशाच्या आधी हा हिशेब. समजा तुमच्याकडे १८ लाख रुपये शिल्लक आहेत. दुकानात माल फिरता ठेवायला ३,५०,००० लागतात. पगार, वीज, वाहतूक, जुने हप्ते मिळून महिन्याला ३५,००० खर्च. सहा महिन्यांचे झाले २,१०,०००. म्हणजे ५,६०,००० रुपयांना हात लावायचा नाही. घरासाठी तुमचे स्वतःचे पैसे १८ लाख नाहीत, १२,४०,००० आहेत.

हे का सांगतो? बांधकामात पैसे शेवटी संपतात, आणि शेवटच्या टप्प्यातच टाइल्स, फिटिंग, फॉल्स सीलिंग, एलिव्हेशन असतं. तेव्हा मालक दुकानाच्या गल्ल्याला हात घालतो. वास्तुशांतीला घर चकाचक दिसतं आणि खाली रॅक अर्धे रिकामे. ग्राहक दोनदा रिकाम्या हाताने गेला की तिसऱ्यांदा समोरच्या दुकानात जातो. घराचं राहिलेलं काम पुढच्या वर्षी करता येतं, तुटलेला ग्राहक परत आणणं अवघड.

कर्जाचा हप्ता ठरवताना दिवाळीचा महिना धरू नका. पितृपक्षातला किंवा भर पावसाळ्यातला मंद महिना धरा. त्या महिन्यात जो हप्ता निघतो, तोच तुमचा खरा हप्ता. बँकेलाही खाली दुकान असल्याचं आधीच सांगा, कारण गृहकर्ज देताना बँक धंद्याच्या जागेचा वेगळा विचार करते. आणि जुनं दुकान पाडून त्याच जागी बांधणार असाल, तर तेवढे महिने दुसरीकडे द्यावं लागणारं भाडंही बजेटमध्ये लिहा.

२. दोन दारं, एक जिना, पण दुकानातून नाही

एक उदाहरण घेऊ. प्लॉट ३० × ५० फूट. नियमाप्रमाणे अंतर सोडून बांधायला समजा २४ × ३८ मिळाले, म्हणजे ९१२ चौरस फूट. पुढे १३ × १८ चं दुकान, २३४ चौरस फूट. त्याच्या शेजारी ११ फूट रुंदीत घराचं दार, जिना आणि दुचाकी. दुकानाच्या मागे १० × १२ चं गोडाऊन. उरलेल्या भागात आई-बाबांची खोली आणि संडास-बाथरूम. स्वयंपाकघर, हॉल आणि बाकी खोल्या वर.

यात चार गोष्टी बघा.

पहिली, जिना दुकानाच्या बाहेर आहे. पाहुणे गल्ल्यासमोरून वर जात नाहीत, आणि दुकान भाड्याने दिलं तर भाडेकरू घरात येत नाही.

दुसरी, गोडाऊनला बाजूच्या बोळातून स्वतःचं दार, निदान ४ फूट रुंद. पोती आणि खोकी कुणाच्या हॉलमधून जाणार नाहीत.

तिसरी, आई-बाबा खाली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज जिना चढायला लावणारं घर कितीही मॉडर्न असलं तरी उपयोगाचं नाही.

चौथी, पुढे सोडलेलं अंतर हे ग्राहकाच्या उभं राहण्याचं ठिकाण आहे. दुकानाच्या पायऱ्या रस्त्यावर काढू नका. अतिक्रमणाची गाडी आली की पहिल्यांदा त्याच जातात.

जोत्याची उंची गवंड्यावर सोडू नका. दर वेळी नवीन डांबर पडलं की रस्ता थोडा वर येतो आणि दुकान खाली जातं. मग पावसाचं पाणी शटरखालून आत. रस्त्यापासून दीड-दोन फूट जोतं ठेवा आणि एका बाजूला उतार करा, म्हणजे हातगाडीही चढेल आणि वयस्कर ग्राहकही.

दुकानाच्या मधोमध कॉलम येणार नाही हे नकाशातच बघून घ्या. दुकानाची उंची १२ फूट ठेवली तर मागच्या भागात माळा काढून माल ठेवता येतो. पण वरचा जिना तेवढ्या पायऱ्यांनी वाढतो, हेही लक्षात असू द्या.

३. परवानगी आणि मीटर

तुमच्या प्लॉटवर दुकान चालतं का, हे बांधायच्या आधी विचारा. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला २०२० ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. त्यात निवासी भागात दुकान कुठं आणि कसलं चालेल, हे बऱ्याच अंशी समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नकाशा मंजूर करतानाच त्यात दुकान दाखवा. पार्किंग दाखवून नंतर शटर लावणं हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. पण मग धंद्यासाठी कर्ज घेताना किंवा जागा विकताना तेच शटर आडवं येतं.

विजेचे मीटर दोन. घराच्या मीटरवर दुकान चालवलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. दोन मीटर, दोन वेगळे बोर्ड आणि वायरिंगही वेगळं. पाण्याची लाइनही वेगळी काढा आणि दुकानासाठी छोटा संडास ठेवा. कामाला मुलगी ठेवली तर तिला वर घरात पाठवावं लागू नये.

गच्चीवर सोलर लावणार असाल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते घरगुती जोडणीसाठी आहे, दुकानाच्या मीटरसाठी नाही. मीटर वेगळे असण्याचा हाही फायदा.

४. मॉडर्न कल्पना: कुठली कमावते, कुठली खाते

आता त्या मोबाईलमधल्या फोटोकडे येऊ. प्रत्येक कल्पनेला एकच प्रश्न विचारा: ही रोज मला काय देते?

दोन मजली उंचीचा हॉल: १२ × १४ चा हॉल उंच ठेवला म्हणजे वरची १६८ चौरस फुटांची खोली गेली. त्या खोलीत शिलाईची दोन मशीन बसतात, ट्यूशनची बॅच बसते. ज्याला जागेची ददात नाही त्याने खुशाल करावं.

पुढे मोठी काच: दिशा बघा. पश्चिमेला काच लावली की दुपारी ३ ते ६ घर तापतं आणि एसीचं बिल वाढतं. दुकान पश्चिममुखी असेल तर शोकेसमधल्या कापडाचा रंग उडतो, चॉकलेट वितळतात. तिथे खोल छज्जा किंवा पुढे आलेली पडवी हवी. उत्तरेकडून येणारा उजेड मात्र सौम्य असतो, तिकडे काच चालेल.

चौक किंवा वरून उजेड: हे जुन्या वाड्याचंच नवीन रूप. दोन्ही बाजूंना शेजारी चिकटून असतील तर मधल्या खोल्या दिवसाही अंधारात राहतात. जिन्याच्या वर उजेड आणि गरम हवा बाहेर जायला झरोका ठेवला तर दिवसा दिवे लागत नाहीत. ही कल्पना कमावते.

उघड्या विटांची भिंत: केरळमध्ये स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रॅट-ट्रॅप बाँड नावाची पद्धत आपल्याकडे लोकप्रिय केली. त्यात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावतात आणि भिंतीच्या आत पोकळी राहते. साधारण पाव भाग विटा वाचतात आणि पोकळीमुळे आत ऊन कमी झिरपतं. मात्र वीट एकसारखी हवी, गवंडी शिकलेला हवा आणि वायरिंगच्या पाइपची जागा आधी ठरलेली हवी. एक भिंत नमुन्याला बांधून बघा, मग ठरवा.

ओपन किचन: दिसायला छान. पण तुम्ही चटणी, मसाले, केक असं घरून काही विकणार असाल, तर दार लावता येणारी वेगळी खोली हवी. खाद्यपदार्थाचा धंदा हॉलच्या कोपऱ्यात होत नाही.

५. सगळं एकदम नको, पण पायाचा विचार एकदम

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा सर्वोच्च मान मिळवणारे ते पहिले भारतीय. इंदूरमध्ये १९८० च्या दशकात त्यांनी अरण्य वसाहत आखली, सुमारे ६,५०० घरांची. तिथे गरीब कुटुंबाला तयार बंगला दिला नाही. प्लॉट, जोतं, संडास-न्हाणी आणि पाणी-विजेची सोय दिली. पुढच्या खोल्या ज्याने त्याने पैसा येईल तशा बांधल्या. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी त्याच दशकात अशीच वाढती घरं केली. शेजाऱ्याशी भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे कुणालाही न विचारता आपलं घर वाढवता येतं.

आपल्याला यातून काय घ्यायचं? जे नंतर बदलता येत नाही ते आधी पक्कं करा. पाया, कॉलम, ड्रेनेज, पाण्याची टाकी, स्लॅबमधले पाइप. पुढे दुसरा मजला करायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आत्ताच तेवढ्या भाराचा पाया काढून घ्या. वर सोडलेल्या सळया उघड्या ठेवू नका. सिमेंटचं पाणी लावून हलक्या काँक्रीटने झाका, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात. आणि जे नंतर करता येतं ते थांबू द्या: पॅनेल, फॉल्स सीलिंग, गेट, गच्चीवरची बाग.

६. दुकानाने घराला भाडं द्यायचं

स्वतःच्या जागेत गेल्यावर लोक म्हणतात, "आता भाडं वाचलं, सगळा नफाच!" इथे गडबड होते. समजा दुकानातून महिन्याला २६,००० उरतात. तशाच जागेचं बाजारभाड्याने ९,००० होतात. तुम्ही दुसऱ्याकडे काम केलं असतं तर १५,००० पगार मिळाला असता. २६ मधून ९ आणि १५ वजा करा. धंद्याने खरे २,००० कमावले.

म्हणून वहीत दर महिन्याला दुकानाकडून घराला भाडं लिहा आणि शक्य असेल तर ते वेगळ्या खात्यात टाका. घराचा हप्ता त्यातून जाऊ द्या. ही नोंद तुमच्या समजुतीसाठी आहे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात स्वतःच स्वतःला दिलेलं भाडं करात खर्च म्हणून धरता येत नाही. पण जागा भाड्याने देण्यात फायदा की दुकान चालवण्यात, हे या एका आकड्यावरून कळतं.

आजचा गृहपाठ

आर्किटेक्टकडे जायच्या आधी एका कागदावर पाच उत्तरं लिहा. माल कुठून आत येतो? पाहुणा कुठून आत येतो? मंद महिन्यात किती हप्ता निघतो? दुकान उद्या भाड्याने द्यायचं तर काय काय बदलावं लागेल? आणि दहा वर्षांनी आई-बाबा कुठल्या खोलीत असतील?

शेवटचं उत्तर एकट्याने लिहू नका. घरातल्या सगळ्यांना बसवून लिहा, खास करून ज्या ताई रोज ते घर चालवणार आहेत त्यांना. मग तो मोबाईलमधला फोटो दाखवा. फोटोतलं जे या पाच उत्तरांत बसतं ते घ्या, बाकीचं पुढच्या दिवाळीला बघू.