नांदेड ते लातूर : अंतर, वेळ आणि कसर नमाज

सूरह निसाच्या 101 व्या आयतीत अल्लाहने प्रवाशाला नमाज कमी करण्याची मुभा दिली आहे. आयतीत शत्रूच्या भीतीचाही उल्लेख आहे, मग शांततेच्या काळात कसर कशासाठी, असा प्रश्न हजरत उमर (रजि.) यांनाही पडला होता. त्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या मुभेला अल्लाहचे दान म्हटले आणि ते स्वीकारण्यास सांगितले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. दान स्वीकारताना घेणारा किती दमला आहे, हे पाहिले जात नाही.

वाचकहो, आता आपल्याच भागाचे उदाहरण घ्या. नांदेड ते लातूर हवाई अंतर सुमारे 115 किलोमीटर आहे. लोहा-अहमदपूरमार्गे रस्त्याने ते सुमारे 140 भरते, तर परभणी-परळी-लातूर रोड अशा वळणाने जाणाऱ्या रेल्वेने 200 हून अधिक होते. मोटारीला अडीच-तीन तास लागतात. विमानाने गेल्यास उड्डाण व उतरणे धरून अर्ध्या तासाचेच काम! मग याला प्रवास म्हणावे काय?

म्हणावे. हनफी फुकहांनी तीन दिवसांची पायी वा उंटाची वाटचाल हे माप धरले. भारतातील हनफी उलमांनी त्याचे 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटर ठरवले. ते अंतर तीन दिवसांत कापा की अर्ध्या तासात, हुकूम बदलत नाही. एकाच गावाला दोन वाटा असतील, तर ज्या वाटेने आपण जातो तिचे अंतर धरावे. लातूरच्या बाबतीत मात्र हा वादच उरत नाही. कोणतीही वाट घ्या, मर्यादा ओलांडलेलीच आहे. (शाफई मताचे कोकणी बांधव किलोमीटरांचा हिशेब थोडा वेगळा करतात, पण लातूर त्यांच्याही मर्यादेपलीकडेच पडते.)

नियतीचे ठिकाण महत्त्वाचे. केवळ लोह्याच्या बाजाराला निघालेला नांदेडकर मुसाफिर नव्हे. लातूरला निघून लोह्यात थांबलेला मात्र मुसाफिर आहे. जुहर, असर व इशाच्या फर्ज नमाजेत चारऐवजी दोन रकअती होतात. फजरच्या दोन व मगरिबच्या तीन तशाच राहतात. मुकीम इमामामागे उभे राहिल्यास पूर्ण चार पढाव्यात.

शिकवणीसाठी लातुरात राहणाऱ्या नांदेडच्या विद्यार्थ्यांकडून येथे हमखास गोंधळ होतो. 15 दिवस वा अधिक मुक्कामाची नियत असेल, तर हनफी मतानुसार लातुरात पूर्ण नमाज. सुटीत दोन दिवसांसाठी घरी आले तरी नांदेड हे मूळ वतन, तेथेही पूर्ण. कसर राहते ती केवळ वाटेतली.

विमानप्रवाशाने आणखी एक गोष्ट पाहावी. कसरची सुरुवात तिकिटाने होत नाही, गावाची वस्ती मागे टाकल्यावर होते. नांदेडचे विमानतळ सांगवी भागात, शहराच्या वस्तीला लागूनच आहे. तेथे विमानाची वाट पाहणाऱ्या नांदेडकराने जुहरच्या चार रकअती पढूनच विमानात बसावे.