रोझेलची मावशी

चिचगड हे गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्याचे एक गाव. छत्तीसगडची सीमा तेथून फार दूर नाही. मृगाचा पाऊस पडला, की गावच्या शिवारात धानाचे पऱ्हे टाकण्याची लगबग सुरू होते आणि त्याच दिवसांत एखाद्या घरातून मुलगा किंवा मुलगी पुढील शिक्षणासाठी गोंदियास अथवा नागपुरास निघते. राहावयाचे मामाकडे किंवा मावशीकडे. घर आपल्याच माणसांचे असते. तरीही पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. पाण्याचा माठ कोठे ठेवतात हे ठाऊक नसते. भूक असूनही दुसऱ्यांदा भात मागण्याचा संकोच वाटतो. सकाळी सर्वांच्या आधी उठावे, की कोणी हाक मारण्याची वाट पाहावी, एवढ्याशा गोष्टीचाही निर्णय होत नाही.

ज्यांनी हा अनुभव घेतला असेल, त्यांना पुढील हकीगत परकी वाटणार नाही. मात्र ह्या हकीगतीतील मावशी रक्ताच्या नात्याची नव्हती. ती सातासमुद्रापलीकडे राहत होती, आणि भाचीने तिला कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.

ही भाची म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. माहेर कल्याणचे आणि माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी ह्यांच्याशी त्यांचे लग्न झाले. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस होते आणि वयाने पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. आनंदीबाई चौदा वर्षांच्या होण्याच्या सुमारास त्यांना मुलगा झाला. पण ते मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य उपचार मिळाले असते तर आपले बाळ वाचले असते, हा विचार त्यांच्या मनातून कधी गेला नाही. स्त्रियांना परक्या पुरुषापुढे आपले दुखणे सांगता येत नाही, म्हणून स्त्रियांतच डॉक्टर निर्माण झाल्या पाहिजेत, हा त्यांचा निश्चय त्या दुःखातून झाला.

पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी विचारणा करणारे पत्र गोपाळरावांनी एका मिशनऱ्यास लिहिले होते. ते पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सी प्रांतात रोझेल नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे राहणाऱ्या थिओडोसिया कार्पेंटर ह्या बाई 1880 साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. दात दुखत असताना मनुष्य दुसऱ्याच्या दुःखाचा फारसा विचार करीत नाही. पण कार्पेंटरबाईंनी घरी येऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले.

तेथून पुढे सुमारे तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली. जहाजाने पत्र पोहोचण्यास आणि त्याचे उत्तर येण्यास कित्येक आठवडे लागत. आनंदीबाई आपल्या देशातील चालीरीती, धर्म, बालविवाह, स्त्रियांची स्थिती ह्यांविषयी लिहीत. त्या कार्पेंटरबाईंना मावशीच्या नात्याने संबोधू लागल्या. कलकत्त्यास असताना आनंदीबाईंना सतत डोकेदुखी आणि अधूनमधून ताप येऊ लागला, तेव्हा मावशीने अमेरिकेहून औषधे धाडली. त्या औषधांनी गुण आला नाही, ही गोष्ट वेगळी.

गोपाळरावांना नोकरी सोडून बरोबर जाणे शक्य नव्हते. 1883 साली त्यांनी पत्नीस एकटीनेच पाठविण्याचे ठरविले. त्या काळी समुद्र ओलांडणे हेच मुळी पाप मानले जाई. मग अठरा वर्षांच्या मुलीने पतीवाचून परदेशी जाणे लोकांना कसे रुचावे? टीकेचा गदारोळ उठला. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे, महाविद्यालयाच्या सभागृहात, आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असे त्यांनी भरसभेत सांगितले.

वचन देणे एका सभेचे काम असते. पाळणे मात्र रोजच्या घासाघासाला येते. 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाईंनी कलकत्ता सोडले. ओळखीच्या काही युरोपीय बाया सोबतीस होत्या. जहाजावर मांस न खाणाऱ्यास चालेल असे अन्न थोडेच. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर 4 जून रोजी त्या न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरल्या. कार्पेंटरबाई त्यांना घेण्यास आल्या होत्या. ज्यांची अक्षरे एकमेकींना पाठ झाली होती, त्या दोघी त्या दिवशी प्रथमच समोरासमोर उभ्या राहिल्या.

जून महिन्यात तिकडे दिवस सुमारे पंधरा तासांचा असतो. इकडे आपल्याकडे पावसाची वाट पाहत असावे, आणि तिकडे संध्याकाळ उलटून गेली तरी उजेड सरू नये! रोझेलच्या घरी आनंदीबाईंपुढे किती प्रश्न उभे राहिले असतील, ह्याची कल्पना त्यांच्या संस्कारांवरून करता येते. ज्या मुलीला सोवळ्याओवळ्याची शिकवण लहानपणापासून मिळाली, तिला आता परधर्मीयांच्या घरात राहावयाचे होते. त्या स्वयंपाकघरात मांस शिजे. जेवण टेबलावर, काट्याचमच्यांनी. पुस्तकातून शिकलेली भाषा आणि घरातली माणसे भराभर बोलतात ती भाषा ह्यांतही अंतर असतेच.

ह्या परिस्थितीत पाहुण्यापुढे सामान्यतः दोनच वाटा दिसतात: यजमानांसारखे होऊन जावे, किंवा आपल्या खोलीत दार लावून बसावे. आनंदीबाईंनी दोन्ही टाळल्या. मांसाहार त्यांनी केला नाही. साडी सोडली नाही. पण त्या घरातील माणसांपासून त्या दूरही राहिल्या नाहीत. आणि येथे श्रेय केवळ पाहुणीचे नाही. कार्पेंटरबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. परंतु घरी आलेल्या मुलीने आपला धर्म बदलावा, असा आग्रह त्यांनी धरला नाही. मदत हवी असेल तर आधी ख्रिस्ती व्हा, असे उत्तर ज्या जोडप्यास पूर्वी मिळाले होते, त्यास ह्या वागण्याचे मोल निराळे सांगावयास नको. आनंदीबाईंच्या चरित्रात त्यांची जिद्द आणि गोपाळरावांचा हट्ट ह्यांचे वर्णन पानोपानी येते, पण रोझेलचे घर पुष्कळदा एका वाक्यात आटोपते. मला हे अन्यायाचे वाटते.

साडीची गोष्ट मात्र पुढे थोडी गुंतागुंतीची झाली. नऊवारी साडीत पोटऱ्या उघड्या राहतात. थंडीच्या देशात ते बाधू लागले, तेव्हा आनंदीबाईंनी पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसण्यास आरंभ केला. हजारो मैलांवर असलेल्या गोपाळरावांना एवढाही बदल रुचला नाही. त्यांची पत्रे कधी उत्तेजन देणारी, तर कधी फार बोचरी असत. ज्यांनी पत्नीस समुद्रापार धाडले, त्यांनाच ती बदलेल अशी धास्ती वाटावी, हा मनुष्यस्वभाव विचित्र खरा.

रोझेल येथे आनंदीबाई सुमारे चार महिने होत्या. त्यानंतर त्या फिलाडेल्फियास गेल्या. तेथे 1850 साली स्थापन झालेले, केवळ स्त्रियांसाठी असलेले वैद्यकीय महाविद्यालय होते. रेचेल बॉडले ह्या विदुषी त्याच्या प्रमुख होत्या. त्यांनीही ह्या परदेशी मुलीस मायेने वागविले. पण आता मावशीचे घर नव्हते. अभ्यास, स्वतःच्या जेवणाची सोय आणि कडाक्याची थंडी ही सर्व एकटीने सांभाळावयाची होती. आधीच नाजूक असलेली प्रकृती ढासळू लागली. 1885 सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंच्या शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली ह्या दोन विद्यार्थिनी दिसतात. तिघींच्याही अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पदवीदानाच्या समारंभास गोपाळराव आले होते, पंडिता रमाबाईही आल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. परंतु वर्षअखेरीस त्या स्वदेशी परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. नेमणुकीच्या जागी रुजू होणे घडलेच नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बाविसावे वर्ष चालू होते. श्रीरामपूरच्या सभेत दिलेले वचन त्यांनी पाळले होते.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेस, कार्पेंटरबाईंकडे पाठविली. न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी नावाचे गाव आहे. तेथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, ती ठेवण्यात आली. मावशीच्या माणसांच्या नावांजवळ तेथे एका दगडावर आनंदीबाई जोशी हे नाव आणि त्यापुढे त्यांची पदवी कोरलेली आहे.