जमिनीच्या ओलाव्याची बातमी तारेवरून कशी आणावी

शिरूर तालुक्यांत चासकमानच्या आणि दौंड तालुक्यांत खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी आवर्तनानें मिळतें. दोन आवर्तनांच्या मधल्या काळांत विहीर किंवा शेततळें हाच आधार. म्हणून जमिनींत ओलावा मापणारे सेन्सर पुरून त्यांच्या सांगण्यावरून ठिबकाचे व्हॉल्व्ह उघडण्याची रीत आपल्याकडील कांहीं बागाईतदारांनीं स्वीकारली आहे. सेन्सर चांगला कोणता, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. सेन्सरानें सांगितलेला आंकडा मोटारघरांतील पेटीपर्यंत जसाच्या तसा पोहोंचला कीं नाहीं, हें पेटीनें कसें ओळखावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

माझ्या भाच्याच्या दौंडकडील उसांत गेल्या उन्हाळ्यांत एक प्रकार घडला. रात्रीं उंदरानें तार कुरतडली व आंकडा येईनासा झाला. पेटीनें न आलेल्या आंकड्याच्या जागीं शून्य मांडलें, शून्य म्हणजे जमीन अगदीं कोरडी असा अर्थ केला, आणि व्हॉल्व्ह उघडला. पहांटे विहिरीचा तळ दिसत होता आणि उसांत चिखल झाला होता. पुढील आवर्तनास अकरा दिवस अवकाश होता.

तहसील कचेरींत ज्यांनीं टेबल सांभाळलें आहे त्यांस ही चूक कोणत्या जातीची आहे तें लगेच कळेल. एखाद्या गांवाहून निरंक अहवाल येणें आणि अहवालच न येणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांत कोणी पाहणी करून ‘कांहीं नाहीं’ असें लिहून दिलेलें असतें; दुसऱ्यांत कोणी पाहिलें कीं नाहीं हेंच ठाऊक नसतें. पेटीनें दोन्ही एकाच रकान्यांत घातलीं.

आतां तारेवरून बातमी जाते कशी तें पाहूं. प्रत्येक अंक किंवा चिन्ह आठ बिटांचें असतें, आणि बिट म्हणजे केवळ ‘आहे’ किंवा ‘नाहीं’ अशी एक खूण. अक्षर सुरू झालें हें कळविण्यास पुढें एक बिट व संपलें हें कळविण्यास मागें एक, असे दहा बिट एकामागून एक त्याच तारेवरून जातात. सेकंदास ९६०० बिट हा सर्वत्र चालणारा वेग आहे. वाटेंत मोटारीचा स्टार्टर ओढला गेला कीं तारेंत धक्का बसतो आणि एखादा बिट उलटतो; मग ३ चा ७ होतो, आणि पेटीस त्यांत कांहींच वावगें दिसत नाहीं.

यावर उपाय कचेरीच्या पत्रव्यवहारांतच आहे. पत्रावर पाठविणाराचें नांव असतें, जावक क्रमांक असतो, मजकूर असतो, आणि तक्ता असेल तर खालीं बेरीज असते. ४१ नंतर एकदम ४३ क्रमांकाचें पत्र आलें तर ४२ वें वाटेंत गहाळ झालें हें आवक कारकुनास न सांगतां कळतें. सेन्सराचा निरोपहि असाच बांधावा:

:०७,१४२,३६४,३८

आरंभींचें विसर्गासारखें चिन्ह ‘येथून निरोप सुरू’ असें सांगतें. ०७ हा सेन्सराचा क्रमांक, १४२ हा जावक क्रमांक, ३६४ म्हणजे ओलावा शेंकडा ३६.४. दशांशाचें चिन्ह मुद्दाम घातलेलें नाहीं. तें वाटेंत पुसलें गेलें तर दहापट घोटाळा होतो. प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली असावी, म्हणजे एखादें अक्षर गळालें तर तें लांबीवरूनच उघड होईल. ओळ संपल्याची खूण धरून हीं पंधरा अक्षरें, म्हणजे १५० बिट झालीं. वरील वेगानें असे ६४ निरोप एका सेकंदांत जाऊं शकतात. काटकसरीसाठीं कोणताहि रकाना गाळण्याचें कारण नाहीं.

शेवटचे ३८ हा पडताळा. नुसती बेरीज घेतली असती तर ३६४ चे ६३४ झाले तरी ती २७ च राहिली असती. म्हणून प्रत्येक अंकास त्याच्या स्थानानें गुणावें. पहिल्या तीन रकान्यांतील अंक ०, ७, १, ४, २, ३, ६, ४ आहेत. त्यांस अनुक्रमें १ पासून ८ पर्यंतच्या आंकड्यांनीं गुणून बेरीज केली तर १३५ येते. तिला ९७ नें भागून बाकी उरते ३८. ६३४ झाले असते तर बेरीज १३२ व बाकी ३५ आली असती, आणि चोरी पकडली गेली असती. एखाद्या अंकांत कसाहि बदल झाला तरी बेरजेंत जास्तींत जास्त ८ गुणिले ९, म्हणजे ७२ चा फरक पडतो. तो ९७ हून कमी असल्यामुळें बाकी बदललीच पाहिजे. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक हाहि पडताळ्याचाच आहे. त्याची रीत व्हरहूफ या डच गणितज्ञानें १९६९ सालीं प्रसिद्ध केली. मात्र सगळींच शून्यें आलीं तर आपला हा पडताळा जुळतो, यास्तव ०० हा क्रमांक कोणत्याहि सेन्सरास देऊं नये.

पडताळा चुकला तर निरोप टाकून द्यावा. ‘३६४ च असेल’ असा अंदाज करूं नये. खाडाखोड केलेला उतारा कोणी ग्राह्य धरीत नाहीं.

एकाच तारेवर अनेक सेन्सर असतील तर सर्वांनीं एकदम बोलणें उपयोगाचें नाहीं. पेटीनें नांव घेऊन विचारावें, ज्याचा क्रमांक त्यानेंच उत्तर द्यावें. एक सेकंदांत उत्तर न आल्यास पुन्हां विचारावें, तिसऱ्यांदाहि न आल्यास शून्य न मांडतां ‘अहवाल नाहीं’ असें मांडावें, व्हॉल्व्ह बंद ठेवावा आणि मालकास मोबाईलवर कळवावें. व्हॉल्व्ह बंद राहिल्यानें ऊस एका रात्रींत वाळत नाहीं, विहीर मात्र एका रात्रींत आटते. डाळिंबाच्या बहाराच्या वेळीं हा हिशेब थोडा निराळा पडेल. तो ज्यानें त्यानें आपल्या जमिनीवरून करावा.

तारेविषयीं थोडकेंच. आरएस-४८५ या पद्धतींत एकमेकींस पीळ घातलेल्या दोन तारा असतात व त्यांच्यांतील विजेच्या दाबाचा फरक वाचला जातो. धक्का दोहोंस सारखाच बसत असल्यामुळें फरकांत तो बहुतांशीं नाहींसा होतो. अशी तार सुमारें १२०० मीटरपर्यंत चालते; तिच्या दोन्ही टोंकांस १२० ओहमचा रोध लावावा आणि ती मोटारीच्या केबलच्या चरींतून नेऊं नये.

बाजारांतील पुष्कळ सेन्सर मॉडबस नांवाची भाषा बोलतात. ती मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीनें १९७९ सालीं काढली. तिच्यांतहि प्रथम क्रमांक, मग काम, मग मजकूर आणि शेवटीं पडताळा असतो. जावक क्रमांक मात्र नसतो, कारण तेथें प्रत्येक प्रश्नास एकच उत्तर अपेक्षित असतें. सेन्सर घेतांना त्याचा रजिस्टरांचा तक्ता पैसे देण्यापूर्वीं मागून घ्यावा. तो नसला तर कोणता आंकडा कोठें आहे हें शोधण्यांतच हंगाम जातो. आणि पेटी बसविणारा कारागीर समोर असतांनाच तार एकदां हातानें उपसून व्हॉल्व्ह काय करतो तें पाहावें. भाच्यानें नवी पेटी घेतली तेव्हां असें केलें. तीहि पहिल्या खेपेस व्हॉल्व्ह उघडूनच बसली, आणि कारागिरास दुपारपर्यंत थांबवून घ्यावें लागलें.