रेषेचा साधक : ब्योहार राममनोहर सिंहा

पाठ-परिचय

कागदावरील चित्र श्रेष्ठ आणि नक्षीकाम दुय्यम, असा एक समज रूढ आहे. तो कितपत योग्य आहे, याचा विचार जबलपूरच्या एका चित्रकाराच्या कार्याच्या आधारे या पाठात केला आहे.

मूळ पाठ

अनेक पाठ्यपुस्तकांच्या आरंभी भारतीय संविधानाची उद्देशिका छापलेली असते. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीत या उद्देशिकेभोवती नक्षीदार चौकट आहे. तिच्या उजव्या कोपऱ्यात खाली देवनागरी अक्षरांत ‘राम’ एवढीच सही आढळते. ती ब्योहार राममनोहर सिंहा यांची होय.

सिंहा यांचा जन्म १९२९ साली जबलपूरला झाला. वडील ब्योहार राजेंद्र सिंहा हे हिंदीतील साहित्यिक होते. राममनोहर यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेतले. नंदलालबाबूंनी तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. १९२४ साली ते रवींद्रनाथांसमवेत चीन आणि जपानलाही जाऊन आले होते. साहजिकच त्यांच्या शिकवणीत अजिंठ्याची लय आणि पूर्वेकडील कुंचल्याची शिस्त यांचा संगम झाला.

ही शिस्त कठोर असते. पातळ कागद शाई तत्काळ शोषून घेतो. एकदा उमटलेली रेषा पुसता येत नाही. जपानमधील ओगाता केन्झान (१६६३–१७४३) हे कुंभकार होते, तसेच चित्रकारही. त्यांचा कुंचला कागदावर चालला, तसाच मातीच्या भांड्यांवरही. भांडे सजवणे हे त्यांच्या परंपरेत हलके काम मानले जात नव्हते. सिंहा यांनीही पुढे चीनमध्ये जाऊन तेथील चित्रपद्धतीचा अभ्यास केला.

संविधानाची इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली, तर सजावट नंदलालबाबू व त्यांच्या शिष्यांनी केली. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी त्या प्रतीवर स्वाक्षऱ्या केल्या. उद्देशिकेचे पान सजवणारे सिंहा त्या वेळी अवघे वीस वर्षांचे होते.

जबलपूर ही स्वातंत्र्यलढ्याची भूमी. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचा आरंभ येथेच झाला. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन जवळच्या त्रिपुरी येथे भरले. या नगरीतील शहीद स्मारकाच्या भिंतींवर त्या लढ्याची चित्रे आहेत आणि त्यांत सिंहा यांचा मोठा वाटा आहे. भित्तिचित्र कोणा एकाच्या मालकीचे नसते. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही ते इतिहास सांगते.

२००७ साली सिंहा यांचे निधन झाले. त्यांच्या नावापेक्षा त्यांचे काम अधिक लोकांनी पाहिले आहे. सजावट म्हणजे वरवरचा साज नव्हे. ज्या मूल्यांना आपण मान देतो, त्यांचा तो दृश्य सन्मान असतो, हे उद्देशिकेचे ते पान दाखवून देते.

शब्दार्थ

उद्देशिका – संविधानाचा हेतू सांगणारा आरंभीचा भाग
प्रतिकृती – हुबेहूब नक्कल
संगम – एकत्र येणे

पाठगत प्रश्न

१. नंदलाल बोस यांच्या शिकवणीत कोणत्या दोन परंपरा एकत्र आल्या?
२. केन्झान यांचे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे?
३. आपल्या परिसरातील एखाद्या नक्षीकामाचे वर्णन पाच-सहा वाक्यांत लिहा. ते करणाऱ्याचे नाव शोधण्याचा प्रयत्न करा.